पार्श्वभूमी : कोलेस्टेरॉलची गोळी आणि ‘पित्त’ या शब्दाचा घोळ

तलावपाळीला सकाळी चकरा मारणाऱ्या ठाणेकरांच्या गप्पांत गुडघे आणि रिडेव्हलपमेंटच्या जोडीला आता पोटातले जंतूही आले आहेत. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी रात्री घ्यायच्या स्टॅटिनच्या गोळीने हे जंतू, म्हणजे आतड्यातले जीवाणू, बिघडतात, असा एक मेसेज फिरतो. सुधारतात, असा दुसरा. गंमत म्हणजे दोन्हींच्या मुळाशी खरे अभ्यास आहेत.

स्टॅटिनचा उगम सूक्ष्मजीवांमधूनच झाला. १९७३च्या सुमारास जपानमध्ये सुमारे ६,००० सूक्ष्मजीव तपासल्यावर क्योटोतल्या तांदळावरच्या एका बुरशीत कोलेस्टेरॉल बनणे रोखणारे द्रव्य सापडले. १९८७मध्ये अमेरिकेत पहिले स्टॅटिन मंजूर झाले. १९९४मध्ये स्कॅन्डिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीत मृत्यू ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. हृदयविकार झालेल्यांना ही गोळी द्यावी की नाही, हा वाद तिथे बहुतेक संपला.

पण आतड्याची गोष्ट त्याआधीच्या औषधापासून सुरू होते. ते औषध म्हणजे पाण्यात कालवून घ्यायची एक पूड. ती रक्तात जातच नाही. आतड्यात पित्ताम्ले, म्हणजे पित्तरसातली आम्ले, धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. १९८४मध्ये ३,८०६ पुरुषांवरील चाचणीत तिने हृदयविकाराचे प्रमाण १९ टक्क्यांनी उतरवले. बद्धकोष्ठ आणि गॅसमुळे मात्र लोक तिला कंटाळत.

आता ‘पित्त’ या शब्दाकडे वळायला हवे, कारण मराठीत सगळी गडबड इथेच होते. आपल्याकडे उपाशी राहिले की पित्त होते, मिसळ बाधली की पित्त होते, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच, आणि वर आमसूल चोळायचे. डोके फिरले की पित्त खवळते ते वेगळे. आयुर्वेदातले पित्त हा तर दोष आहे, त्याचा पसारा आणखी मोठा. यातल्या बहुतेक वेळी आपण बोलत असतो ते जठरातल्या आम्लाबद्दल. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा पित्तरस ही वेगळीच चीज आहे. त्यातली पित्ताम्ले यकृत कोलेस्टेरॉलपासूनच बनवते. जेवणातली चरबी पचवून झाली की त्यांतली सुमारे ९५ टक्के आतड्यातून पुन्हा यकृताकडे परततात. वाटेत आतड्यातले जीवाणू त्यांची रासायनिक मोडतोड करून नवी पित्ताम्ले घडवतात, आणि ही नवी रूपे साखरेचा व चरबीचा चयापचय हलवणारे संदेश देतात. म्हणून ‘गोळीचा पित्तावर परिणाम होतो’ हे वाक्य अभ्यासात एक अर्थ घेऊन निघते आणि नौपाड्यात पोचेपर्यंत ‘गोळीने ॲसिडिटी होते’ असे होऊन बसते.

स्टॅटिनने रक्तातली साखर वाढते का, हा प्रश्न २०१०पासून गंभीरपणे पुढे आला. तेरा चाचण्यांतल्या ९१,१४० जणांची माहिती एकत्र केली, तेव्हा २५५ जणांनी चार वर्षे स्टॅटिन घेतल्यास मधुमेहाचा एक जादा रुग्ण, असे प्रमाण निघाले. २०१२मध्ये अमेरिकेतल्या नियामकांनी औषधाच्या माहितीपत्रकात तशी सूचना घालायला लावली. तितक्याच लोकांत टळणारे हृदयविकार आणि त्यासारखे प्रसंग पाचाहून अधिक होते, ही त्याच अभ्यासातली दुसरी ओळ मेसेजमधून नेमकी गळते.

हे का होत असावे, याचा शोध घेता घेता संशोधक आतड्यापर्यंत आले. २०२०मध्ये युरोपातल्या अभ्यासात लठ्ठ लोकांपैकी सुमारे १८ टक्क्यांत जीवाणूंची एक बिघडलेली, दाह वाढवणारी घडी आढळली. स्टॅटिन घेणाऱ्या लठ्ठ लोकांत ती जेमतेम ६ टक्क्यांत होती. ‘पोट सुधारते’ हा मेसेज इथून आला. ही एका वेळची पाहणी होती, गोळी देऊन केलेली चाचणी नव्हे, हे सोबत सांगायला हवे. २०२२मध्ये दिसले की एका प्रकारच्या जीवाणूंचा भरणा असलेल्यांत कोलेस्टेरॉल जास्त उतरते, पण साखरही जास्त बिघडते. २०२४च्या अभ्यासाने दुवा पित्ताम्लांतच दाखवला : काही जीवाणू घटले, ठरावीक पित्ताम्ले घटली आणि साखर आवाक्यात ठेवणारे जीएलपी-१ हे संप्रेरक कमी झाले. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांमुळे सध्या गाजते आहे, तेच हे संप्रेरक. तिथे उपाय म्हणून वापरलेले द्रव्य पित्तखड्यांसाठी वर्षानुवर्षे दिले जाते. त्यातला बराचसा भाग उंदरांवरचा असल्याने आपण होऊन ते सुरू करण्यात अर्थ नाही.

हे अभ्यास बव्हंशी युरोप, अमेरिका आणि चीनमधले. भारतीय आतड्यांत, विशेषतः शाकाहारी, धान्य-कडधान्यांवर जगणाऱ्यांत, जीवाणूंची मांडणी वेगळी आढळली आहे. तेव्हा तिथले आकडे वरण-भात खाणाऱ्याला जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल.

आणि स्टॅटिनवर संशय घेणारे बरेच जण सकाळी उपाशीपोटी जी ‘पित्ताची गोळी’ घेतात, तिचा पित्तरसाशी संबंध नाही. ती जठरातले आम्ल दाबते. अशा गोळ्या घेणाऱ्यांच्या आतड्यात एरवी तोंडात राहणारे जीवाणू वाढलेले असतात, हे २०१५-१६पासून वेगवेगळ्या देशांत दिसले आहे. तिच्याबद्दल मेसेज अजून कुणी पाठवलेला नाही.