गळायच्या आधी लाल रंग कशाला?

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधल्या मराठी घरांत दिवाळीच्या तयारीबरोबर आणखी एक विषय निघतो: यंदा ‘फॉल कलर्स’, म्हणजे पानगळीआधी रंगलेली झाडं, बघायला कुठे जायचं? बऱ्याच जणांची गाडी हडसन नदीच्या पश्चिम काठाकडे वळते, बेअर माउंटन आणि त्याला लागून असलेल्या हॅरिमन स्टेट पार्ककडे. न्यूयॉर्क शहरापासून तासाभराच्या अंतरावर सुमारे ४७ हजार एकरांचं जंगल आणि त्यात तिसेक तळी. हे जंगल आज बघायला मिळतं, हे आपलं नशीबच. शंभरेक वर्षांपूर्वी राज्य सरकार बेअर माउंटनवर सिंग सिंगचा तुरुंग हलवणार होतं. १९१० साली रेल्वे उद्योगपती ई. एच. हॅरिमन यांच्या पत्नी मेरी हॅरिमन यांनी १० हजार एकर जमीन आणि १० लाख डॉलर दिले, ते तुरुंगाचा बेत रद्द करण्याच्या अटीवर.

इथे रंग एका दिवसात चढत नाही. दलदलीतले रेड मेपल सप्टेंबरमध्येच लालसर व्हायला लागतात, ब्लॅकगमही त्यांच्याच मागोमाग. मग बर्च आणि हिकरी पिवळे पडतात, शुगर मेपल नारिंगी होतात. ओकचा नंबर शेवटी लागतो आणि त्याचा रंगही तपकिरीकडे झुकणारा, गडद. या भागात रंगांचा बहर साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत असतो. उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरांत तो दोन-तीन आठवडे आधीच येऊन जातो.

झाडाला हंगाम बदलल्याचं कळतं ते मुख्यतः लांबत जाणाऱ्या रात्रींवरून. मग पानातलं हरितद्रव्य मोडीत निघायला लागतं. पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड द्रव्यं पानात उन्हाळाभर होतीच, पण हिरव्या रंगाखाली झाकलेली. हिरवा ओसरला की ती दिसू लागतात. त्याच सुमारास देठाच्या बुडाशी पेशींचा एक खास थर तयार होतो आणि पुढे त्याच रेषेवर पान तुटतं.

पिवळ्याची गोष्ट एवढीच. लाल रंगाची मात्र वेगळी आहे, आणि मला ती जास्त विलक्षण वाटते. मेपलच्या पानात उन्हाळ्यात हा लाल रंग जवळपास नसतोच. अँथोसायनिन नावाचं हे द्रव्य झाड शरद ऋतूत नव्याने बनवतं, पानातली साखर खर्चून. चार दिवसांनी टाकून द्यायच्या पानावर एवढा खर्च कशासाठी?

उत्तराचा एक धागा पानावरच सापडतो. लाल मेपलची फांदी वाकवून पानं नीट बघा. एका पानावर दुसऱ्याची सावली पडत असेल, तर तेवढाच भाग पुष्कळदा पिवळा किंवा हिरवट राहिलेला असतो. वरच्या पानाचे कंगोरेसुद्धा त्यात ओळखू येतात. म्हणजे जिथे ऊन, तिथे लाल. दुखावलेली फांदीही बघण्यासारखी असते. फांदीची साल सोलली गेली असेल, तर पानातली साखर खाली उतरू शकत नाही. अशा फांदीची पानं बाकी झाड हिरवं असतानाच लालभडक होतात. लाल रंगाला ऊनही लागतं आणि साठलेली साखरही.

या काळात झाड पानातून वसुली करत असतं. हरितद्रव्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांत भरपूर नायट्रोजन असतो. ती प्रथिनं मोडून झाड तो फांद्यांत आणि खोडात परत ओढतं, पुढच्या वसंतातल्या पालवीसाठी. पण अर्धवट मोडलेल्या या यंत्रणेवर थंडीच्या दिवसांतलं लख्ख ऊन पडलं, की घातक ऑक्सिजन-रेणू तयार होऊन पेशी जळू शकतात आणि वसुली अर्ध्यावरच थांबते. अँथोसायनिन अशा वेळी छत्री धरतं. २००३ साली विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी हे ताडून पाहिलं. लाल रंग बनवू न शकणारी झुडपं आणि त्यांचीच नेहमीची भावंडं त्यांनी प्रखर उजेडात आणि थंडीत ठेवली. लाल न होणाऱ्या झुडपांना पानांतला नायट्रोजन तेवढा परत मिळवता आला नाही.

यावर सगळ्यांचं एकमत झालेलं नाही. लाल रंग हा किडींना दिलेला इशारा आहे, असंही काही जीवशास्त्रज्ञ मानतात. उत्तर युरोपातली झाडं बहुतांशी पिवळीच का होतात, हाही प्रश्न वादातच आहे. मला छत्रीची बाजू पटते, कारण आपल्याकडची झाडंही तिच्याच बाजूने बोलतात. कोशिंबाची कोवळी पालवी मार्चच्या सुमारास लालबुंद असते, आंब्या-पिंपळाचीही तांबूस. तिथे पान नवं असतं, हरितद्रव्याची यंत्रणा अजून उभी राहायची असते आणि डोक्यावर कडक ऊन असतं. रंगामागे इथेही अँथोसायनिनच. गळताना लाल होणारं झाड हवं असेल, तर मुंबई-कोकणातला देशी बदाम आहेच.

आता सहलीच्या दिवसाबद्दल. दुपारी स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा, पण पाणी गोठेल इतका नाही, असा आठवडा गेला असेल तर निघाच. उन्हात साखर भरपूर बनते, गार रात्री ती पानातून हळू बाहेर पडते आणि लाल रंग चढतो. सलग ढगाळ, पावसाळी दिवस गेले तर पिवळा टिकतो, लाल मात्र फिका राहतो. न्यूयॉर्क राज्याचं पर्यटन खातं हंगामात दर आठवड्याला स्वयंसेवकांच्या नोंदींवरून रंगांचा अहवाल देतं, तो बघून दिवस ठरवा. शनिवार-रविवारी बेअर माउंटनला गाडी लावायला जागा मिळणं कठीण, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा. माथ्यावरच्या पर्किन्स टॉवरपासून हडसनचं खोरं दिसतं, पण पानं जवळून बघायची तर सेव्हन लेक्स ड्राइव्हवरच्या तळ्यांकाठी उतरा; तिथल्या ओल्या जागी रेड मेपल हाताशी येतात. ऑक्टोबर हुकलाच, तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातही ओक बऱ्यापैकी रंगलेले मिळतात.