मशीनची गोधडी जास्त टिकते?

नाशकात थंडी पडू लागली की गोधड्या शिवायला निघतात आणि जुना समज पुन्हा ऐकू येतो: मशीनची शिलाई पक्की, हाताची उसवते. नव्या, जाड कापडाला मशीन खुशाल वापरा. पण जुन्या सुती लुगड्यांचे चार-पाच थर असतील तर मशीनचे बारीक, जवळजवळचे टाके विरलेल्या कापडाला ओळीने भोकं पाडतात. ताण आला की कापड तिथंच फाटतं. शिवाय मशीनची दाबपट्टी, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग, वरचा थर पुढे ढकलते, चुण्या पडतात. हाताचा धावदोरा सैल, म्हणून कापडाला लवचीक ठेवतो. आधी वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला, दोरा सुतीच घ्या. हाताची गोधडी उसवते ती बहुधा दोऱ्याची टोकं नीट न अडकवल्यामुळे.