पाठ टेकल्यानंतरची कुस्ती

लाल मातीत पाठ लागली की कुस्ती संपते. पंच हात वर करतात, हलगी कडाडते, फेटे उडतात. ‘आस्मान दाखवलं’ म्हटलं की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. ब्राझिलियन जिउ-जित्सूत मात्र गडी आपणहून पाठीवर पडतो, समोरच्याला दोन्ही पायांत अडकवतो आणि खरी झुंज तिथून पुढे रंगते. माझ्या ओळखीच्या एका वस्तादांना मोबाइलवर अशी लढत दाखवली, तर ते म्हणाले, “हा तर कधीच हरलाय. मग उठत का न्हाई?”

वस्तादांचा प्रश्न योग्यच आहे. त्याचं उत्तर शोधताना ‘कुठली युद्धकला भारी’ या पोरांच्या जुन्या भांडणातही थोडंफार विज्ञान सापडतं.

या कलेचं मूळ जपानी. जिगोरो कानो यांच्या कोदोकान शाळेत ज्यूडो शिकलेले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोचले आणि पुढे बेलें शहरात स्थायिक झाले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला. त्याने आणि त्याचा धाकटा भाऊ एलियो याने ज्यूडोतले जमिनीवरचे डाव उचलले आणि आयुष्यभर तेच घासत बसले. फेकणं मागे पडलं, पडल्यानंतर काय करायचं हे पुढे आलं.

जगाला हे कळलं १२ नोव्हेंबर १९९३ रोजी, अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये. ‘यूएफसी’ नावाच्या पहिल्याच स्पर्धेत जाळीच्या अष्टकोनी पिंजऱ्यात आठ गडी उतरले. त्यांत मुष्टियोद्धा होता, सुमो होता, सवात या फ्रेंच लाथाबाजीतला विजेता होता. वजनगट नव्हते, नियम जेमतेम. आर्ट जिमरसन हा मुष्टियोद्धा एकाच हातात ग्लोव्ह घालून आला. एक हात ठोशासाठी, एक पकडीसाठी मोकळा, असा हिशेब असावा. एलियोच्या मुलाने, म्हणजे साधारण ८० किलोच्या रॉइस ग्रेसीने, त्याला खाली घेतलं आणि छातीवर बसला. कुठलाही डाव पुरा लागायच्या आत जिमरसनने हार मानली. त्या रात्री रॉइसने तिघांना हरवलं आणि तिन्ही लढती मिळून पाचेक मिनिटांत आटोपल्या. बाकीचे दोघे त्याच्याहून चांगलेच वजनदार होते.

प्रयोग म्हणून पाहिलं तर हा प्रकार फारसा बरा नव्हता. नमुना आठ जणांचा, आणि आयोजकांपैकी एक रॉइसचा भाऊ. परीक्षा घेणाऱ्याचाच पोरगा वर्गात पहिला आला, तर आपण भुवया उंचावतोच. पण पुढच्या वर्षी रॉइस आणखी दोन स्पर्धा जिंकला, तेव्हा नुसत्या नशिबाने भागण्यातलं हे प्रकरण नाही एवढं तरी स्पष्ट झालं.

यामागचं भौतिकशास्त्र शाळेतलंच आहे. ठोशाची ताकद मुळात पायातून येते. टाच जमिनीला रेटते, कंबर वळते, खांदा सुटतो आणि मूठ वेग घेते. वेग घ्यायला मुठीला जागा लागते. समोरच्याने मिठी मारली की ती जागा जाते, आणि पाठीवर पाडलं की पायाखालची जमीनही जाते. शरीर तेच, स्नायू तेच, पण ठोसा निम्म्याने मेलेला. वरच्याचं मात्र वजनही कामाला येतं.

मग हातावरचा डाव. खालच्याचा एक हात दोन्ही मांड्यांमध्ये धरायचा, मनगट छातीशी घट्ट आवळायचं, कोपर आपल्या ओटीपोटाच्या जरा वर येऊ द्यायचं आणि कंबर उचलायची. ही सरळ सरळ पहार झाली. हात वाकवणारा बायसेप्स कोपराच्या सांध्यापासून चारेक सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो, आणि मनगट असतं पंचवीसेक सेंटिमीटर लांब. म्हणजे मनगटाशी दहा किलोचा ओढा आला, तर तो थोपवायला दंडाला साठेक किलोचा ताण घ्यावा लागतो. पलीकडे ओढणारे स्नायू आहेत कंबरेचे आणि पाठीचे, शरीरातले सर्वांत दांडगे. एका दंडाने अख्ख्या माणसाशी भांडायचं, मग निकाल काय लागणार!

गळ्याचा डाव याहून फसवा. पाहणाऱ्याला वाटतं श्वास कोंडतोय. नीट लागलेल्या डावात श्वासनलिकेला फारसा धक्काही लागत नाही. मागून येणारा हात कोपरात दुमडतो, कोपराचा खाचा हनुवटीखाली येतो, आणि एका बाजूने दंड तर दुसऱ्या बाजूने मनगटाकडचा भाग मानेच्या दोन्ही धमन्या दाबतो. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू खातो वीस टक्के, आणि साठवण जवळपास शून्य. १९४३ साली अमेरिकेत काही संशोधकांनी तरुणांच्या मानेला फुगवता येणारा पट्टा बांधून मेंदूकडचं रक्त थांबवून पाहिलं होतं. सरासरी सात सेकंदांच्या आत शुद्ध गेली. (असा प्रयोग आज कुठलीही नैतिक समिती मंजूर करणार नाही. धाकट्या भावावर करून पाहण्यातलाही हा विषय नव्हे.) ब्राझीलमध्ये या डावाला ‘माता-लेआंव’ म्हणतात, म्हणजे सिंहाला मारणारा.

एवढं असूनही, डाव हे या कलेच्या यशाचं मुख्य कारण आहे असं मला वाटत नाही. हेच डाव ज्यूडोत आहेत. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुरा या जपानी ज्यूडोपटूने खुद्द एलियो ग्रेसीचा हात पिरगाळून मोडला. एलियो हार मानेना, शेवटी भावाने लढत थांबवली. आज जिउ-जित्सूवाले त्या डावाला मोठ्या मनाने ‘किमुरा’च म्हणतात. १९७६ साली कराचीत अंतोनियो इनोकी या जपानी कुस्तीगिराने थोरल्या गामाचा पुतण्या अक्रम याचा हात निकामी केला, तोही याच जातीच्या पकडीने. अक्रम काही लेचापेचा नव्हता. त्याच्या कुस्तीत हात मोडेपर्यंत जाण्याची पद्धतच नव्हती, एवढंच.

मुख्य कारण माझ्या मते सरावात आहे, आणि त्याचं श्रेय जातं कानोंकडे. १८८२ साली कोदोकान काढताना त्यांनी जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतले घातक डाव मोकळ्या सरावातून बाजूला काढले. डोळ्यांत बोटं घालणं, लहान सांधे मोडणं वगैरे. वाटेल की त्यामुळे कला बोथट झाली. झालं उलटंच. उरलेले डाव पूर्ण ताकदीने, तितक्याच ताकदीने विरोध करणाऱ्यावर, रोज करता येऊ लागले. जो घातक डाव कधी कुणावर पुरता करूनच पाहिलेला नाही, तो ऐन वेळी लागेल याचा भरवसा कशाच्या जोरावर द्यायचा?

जिउ-जित्सूत ही सोय पराकोटीला नेली आहे ती हार मानण्याच्या खुणेने. तालमीत मांडीवर थाप पडते ती आव्हान द्यायला, तो शड्डू. इथे मॅटवर किंवा जोडीदाराच्या अंगावर थाप पडते ती सोड म्हणायला. मराठीत थाप मारणं म्हणजे खोटं बोलणं, पण या मॅटवर तेवढीच एक गोष्ट शंभर टक्के खरी असते. डाव लागला की नाही, याचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं, आणि दहा सेकंदांनी दोघे पुन्हा हात मिळवून सुरू करतात.

ठोशांच्या कलांना हे सुख नाही. रोज पूर्ण ताकदीने डोक्यात ठोसे खाल्ले तर मेंदू राहत नाही. मुष्टियोद्ध्यांच्या या आजाराचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात १९२८ पासून आहे. तरी बॉक्सिंग आणि मुए थाई टिकतात, कारण ग्लोव्ह, पॅड आणि बेताने का होईना, खरी झुंज त्यांच्या सरावात असते. हवेत लाथा झाडून पट्टे वाटणाऱ्या वर्गांबद्दल मी बोलत नाहीये. की बोलतोय?

दुसरं कारण नवलाईचं. १९९३ मध्ये रॉइससमोरच्या बहुतेकांना या डावांची तोडच ठाऊक नव्हती. डावखुऱ्या मुष्टियोद्ध्यांना फायदा होतो तोही ते विरळ असतात म्हणून, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. विरळपणा सरला की फायदाही सरतो. कुस्तीगीर गळा आणि हात वाचवायला शिकले आणि वर बसून ठोसे घालू लागले. मग १९९७ साली मॉरिस स्मिथ या किकबॉक्सरने खाली टिकाव धरून, उठून मार्क कोलमन या कुस्तीगिराला हरवलं. जपानमध्ये काझुशी साकुराबाने एकामागून एक चार ग्रेसी हरवले. त्यांतली रॉइसची लढत दीड तास चालली. आज यूएफसीच्या पिंजऱ्यात सबमिशनने, म्हणजे डाव लावून हार मानायला लावून, लागणारा निकाल पाचातला एखादाच. जिउ-जित्सू येणाऱ्याला आता बक्षीस नाही; न येणाऱ्याला शिक्षा मात्र आहे.

आणि रस्त्यावर? काँक्रीट, काचा, समोर दोघे किंवा खिशात सुरा असेल, तर आपणहून पाठीवर पडणं हा शुद्ध वेडेपणा. स्पर्धेच्या नियमांनी कलेला ही खोड लावली आहे: पाडण्याला दोन गुण, छातीवर बसण्याला चार, आणि प्रतिस्पर्ध्याला पकडून आपणच खाली बसलो तर दंड काहीच नाही. अमेरिकेतल्या मारिएट्टा शहराच्या पोलिसांनी २०१९ पासून भरतीत जिउ-जित्सू आणलं आणि शिकलेल्यांच्या जखमा कमी झाल्याचं सांगितलं. आकडे आशादायक आहेत. पण नोकरीत आधीपासून असलेल्यांना शिकण्याची सक्ती नव्हती, आणि जो आपणहून शिकायला जातो तो मुळातच अधिक तंदुरुस्त आणि शांत डोक्याचा असू शकतो. त्यामुळे श्रेय कुणाचं, हे सांगणं अवघड.

पुण्यात मी जातो त्या वर्गात मागच्या वर्षी कोल्हापूरच्या तालमीत घडलेला एक पोरगा आला. पहिल्याच दिवशी त्याने निळ्या पट्ट्याच्या मुलाला एकेरी पटाने असा उचलला की सगळा वर्ग बघत राहिला. दुसऱ्यांदा तो मुलगा सावध होता. त्याने पोराला कलता केला, आणि पाठ लागू नये म्हणून पोरगा विजेसारखा पोटावर वळला. लहानपणापासून तेच शिकलेला. निळ्या पट्ट्याला आयती पाठ मिळाली. मागून हात आला, कोपर हनुवटीखाली बसलं आणि चार सेकंदांत मॅटवर थाप पडली. त्या संध्याकाळी हे पाच वेळा झालं.

आता तो पाठीवर पडायला शिकलाय. पडताना तोंड मात्र अजून कडू होतं. गावाकडच्या वस्तादांना त्याने व्हिडिओ पाठवलेला नाही.