समीकरणातला बाण

शाळेत रसायनशास्त्राचं समीकरण लिहिताना मधोमध एक बाण काढतात. डावीकडे अभिक्रियाकारकं, उजवीकडे उत्पादितं. दोन्ही बाजूंचे अणू मोजायचे, आकडे जुळवायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. बाणाबद्दल कुणी काही विचारत नाही. पण जे काही घडतं ते त्या बाणातच घडतं. दोन रेणू समोरासमोर आदळले की एकमेकांना घासून गेले? जुना बंध आधी तुटला, की नवा जुळत असतानाच तो सैल होत गेला? सुटलेली ऊर्जा कुणाच्या वाट्याला आली? वायुरूप अभिक्रियांच्या गतिकीचा अभ्यास करणारे संशोधक आयुष्यभर याच प्रश्नांच्या मागे असतात.

हे पाहणं अवघड का, ते आधी सांगायला हवं. आपल्या भोवतालच्या हवेतला एक रेणू दर सेकंदाला काही अब्ज वेळा दुसऱ्या रेणूंवर आपटतो. नुकताच जन्मलेला रेणू कोणत्या दिशेने आणि किती वेगाने निघाला होता, ही खूण पुढच्या धक्क्यातच पुसली जाते. जत्रेच्या गर्दीत कुणी कुणाला ढकललं ते जसं मागाहून कळत नाही, तसंच हे. म्हणून पहिलं काम म्हणजे गर्दी हटवणं. हवा उपसून काढलेल्या पात्रात रेणूंचे दोन बारीक झोत सोडायचे आणि ते एका ठिकाणी एकमेकांना छेदतील अशी रचना करायची. तिथे एका रेणूची एकाशीच गाठ पडते. त्यातून जे निर्माण होतं ते वाटेत कशालाही न धडकता सरळ निघून जातं, आणि ते कुठल्या कोनात जातं एवढंच टिपायचं.

एवढ्याशा माहितीवरून टक्कर ओळखता येते, हे मला आजही विलक्षण वाटतं. गोट्या खेळलेल्या कुणालाही यातलं मर्म कळेल. नेम बरोबर मधोमध लागला की गोटी एका वाटेने जाते, काठाला लागली की दुसऱ्याच वाटेने. टक्कर पाहिली नसली तरी गोट्या कुठे गेल्या यावरून ती कशी झाली असेल ते सांगता येतं.

१९६०च्या सुमारास अमेरिकेत बर्कलीत आणि १९६३नंतर हार्वर्डमध्ये रसायनशास्त्रज्ञ डडली हर्शबाख यांच्या गटाने असेच प्रयोग केले. पोटॅशियमचा झोत मिथाइल आयोडाइडच्या झोतावर सोडला, तेव्हा तयार झालेलं पोटॅशियम आयोडाइड भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखं उलट फिरलं. म्हणजे टक्कर थेट, तोंडावर झालेली होती. मिथाइल आयोडाइडच्या जागी ब्रोमीन घेतलं तर चित्र पालटलं. आता नवा रेणू पोटॅशियमच्या मूळ दिशेनेच पुढे निघाला, जणू जाता जाता ब्रोमीनचा एक अणू ओरबाडून नेला. त्याचं कारण असं की पोटॅशियम ब्रोमीनला भिडतही नाही, तोच त्याचा एक इलेक्ट्रॉन मधली पोकळी ओलांडून ब्रोमीनवर उडी घेतो. लगेच एक धनभारित, दुसरा ऋणभारित होतो आणि दोघे एकमेकांकडे खेचले जातात. देवमाशाच्या शिकारीत दोर बांधलेला भाला फेकतात, त्याला हार्पून म्हणतात. या प्रकाराला शास्त्रज्ञांनी तेच नाव दिलं. इथे इलेक्ट्रॉन हा भाला आणि विद्युत आकर्षण हा दोर. असं काही होत असावं हा विचार मायकेल पोलानी यांनी १९३०च्या दशकातच मांडला होता.

या प्रयोगांना एक मोठी मर्यादा होती. उत्पादितं टिपायला तापलेली धातूची तार वापरत. तिला सोडियम, पोटॅशियम अशा अल्क धातूंची आणि त्यांच्या क्षारांचीच चाहूल लागे, बाकीच्या रसायनशास्त्राला ती आंधळी होती.

तैवानमध्ये जन्मलेले युआन ली फेब्रुवारी १९६७मध्ये हार्वर्डमध्ये हर्शबाख यांच्याकडे आले. कोणताही रेणू टिपू शकेल असं यंत्र बांधायचं होतं. इलेक्ट्रॉनांचा मारा करून रेणूचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, करायचा आणि वस्तुमानावरून त्याची ओळख पटवायची, ही युक्ती नवी नव्हती. अडचण अशी की इलेक्ट्रॉन भेदभाव करत नाहीत. निर्वात पात्रात उरलेल्या वायूचेही ते आयन करतात आणि हवा असलेला मूठभर रेणूंचा संकेत त्या गोंगाटात बुडून जातो. म्हणून रेणू टिपणारा भाग एकात एक बसवलेल्या कप्प्यांत ठेवला, आणि प्रत्येक आतल्या कप्प्यातली हवा वेगळ्या पंपाने बाहेरच्यापेक्षा अधिक उपसली. ली, दोन विद्यार्थी आणि कार्यशाळेतले कारागीर यांनी हे यंत्र दहा महिन्यांत उभं केलं. पुढे नोबेलच्या वेळी लिहिलेल्या आत्मपरिचयात ली यांनी कार्यशाळेच्या फोरमनचा नावानिशी उल्लेख केला आहे, आणि तो वाचून मला फार बरं वाटलं. हे विज्ञान कागदाइतकंच लेथवरही घडलं आहे. १९६७ संपता संपता क्लोरीनचा अणू आणि ब्रोमीनचा रेणू यांची गाठ या यंत्रात पडली आणि अल्क धातूंचं कुंपण ओलांडलं गेलं.

तिकडे टोरांटोत मायकेल पोलानी यांचे चिरंजीव जॉन पोलानी झोत न वापरता त्याच प्रश्नाकडे वळले होते. हायड्रोजनचा अणू क्लोरीनवर आदळून जन्मलेला हायड्रोजन क्लोराइड जोरजोरात कंप पावत असतो आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो. तो प्रकाश वाचला की ऊर्जा कंपनात किती गेली ते कळतं. १९८६चं रसायनशास्त्राचं नोबेल हर्शबाख, ली आणि जॉन पोलानी या तिघांना मिळून देण्यात आलं.

अशा कंपित रेणूंपासून लेझर करता येईल हे पोलानी यांनी सुचवलं होतं. १९६५मध्ये बर्कलीत जॉर्ज पिमेंटेल आणि जेरोम कॅस्पर यांनी तो करून दाखवला. याच पिमेंटेल यांच्या हाताखाली रासायनिक लेझरवर पीएचडी केलेला एक मेक्सिकन तरुण १९७४मध्ये शेरवूड रोलंड यांच्यासोबत जगाला सांगणार होता की फ्रिजमधले क्लोरोफ्लुओरोकार्बन ओझोनचा थर खात आहेत. तो मारिओ मोलिना. त्यांच्यातून वर आभाळात सुटलेला क्लोरीनचा एकच अणू ओझोनला गाठतो, एक ऑक्सिजन घेऊन जातो, पुन्हा मोकळा होतो आणि पुढच्या ओझोनला गाठतो. आभाळातलं हे संकटही शेवटी एकेका टकरीचीच गोष्ट आहे.

बाणाच्या आत काय असतं ते पकडायचं मात्र राहिलं होतं. नेहमीच्या थेट अभिक्रियेत दोन रेणूंची गाठ आणि ताटातूट सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास उरकते. २०१९मध्ये हार्वर्डमध्येच कांग-कुएन नी यांच्या गटाने पोटॅशियम आणि रुबिडियम यांचे जोडरेणू ५०० नॅनोकेल्विनपर्यंत थंड केले. एका अंशाचे वीस लाख भाग केले तर निरपेक्ष शून्याच्या वर त्यातला जेमतेम एक. इतक्या थंडीत दोन जोडरेणू भेटले की चार अणूंचं कडबोळं चटकन सुटत नाही. जुने जोडीदार सोडून पोटॅशियम पोटॅशियमशी आणि रुबिडियम रुबिडियमशी जुळण्याआधी ते रेंगाळतं. लेझरने आयन करून नी यांच्या गटाने ते कडबोळं प्रत्यक्ष टिपलं आणि पुढच्या वर्षी त्याचं आयुष्यही मोजलं, सुमारे ३६० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या ३६० पट. हर्शबाख यांच्या झोतातून सुसाट निघून गेलेलं पोटॅशियम त्याच विद्यापीठात, अर्ध्या शतकानंतर, बाणाच्या मध्यावर तेवढा वेळ थांबलं.