एफएसमॉनिटर कोणत्या रिपॉझिटरीसाठी चालू करावा?

‘गिट स्टेटस फार हळू चालते, एफएसमॉनिटर चालू करून द्या’ अशी विनंती वडोदऱ्यातील मकरपुरा जीआयडीसी आणि अलकापुरी येथील आमच्या ग्राहकांकडून वारंवार येते. गिट हा फायलींमधील बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम, रिपॉझिटरी म्हणजे असा इतिहास ठेवलेला प्रकल्पाचा फोल्डर, ‘स्टेटस’ म्हणजे त्यात काय बदलले हे विचारणारी आज्ञा आणि एफएसमॉनिटर ही तिला वेग देणारी गिटची सोय. विनंती रास्त असली तरी आम्ही ती सरसकट मान्य करत नाही, याचे कारण येथे देत आहोत.

स्टेटस विचारल्यावर गिट एरवी नोंदीतील प्रत्येक फाइल तपासते आणि नव्या फायलींच्या शोधात प्रत्येक फोल्डर धुंडाळते. एफएसमॉनिटर चालू असल्यास एक छोटा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडून बदलांच्या सूचना सतत घेत राहतो, त्यामुळे गिटला बदललेल्या तेवढ्याच फायली पाहाव्या लागतात. 2022 मधील गिट 2.37 पासून ही सोय विंडोज व मॅकवर गिटमध्येच मिळते. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा सोर्स कोड 2017 मध्ये गिटवर आणला, तेव्हा त्या एका रिपॉझिटरीत सुमारे 35 लाख फायली होत्या; अशा ठिकाणी हिचा खरा उपयोग. कंट्रोल पॅनेलच्या पीएलसी (यंत्रे चालवणारा छोटा संगणक) प्रोग्रामांच्या शे-दोनशे फायली गिट तशीही क्षणात तपासते, तेथे वाचवायला वेळच उरत नाही.

सर्वाधिक त्रास होतो तो ही सेटिंग ‘ग्लोबल’, म्हणजे संगणकावरील सर्व रिपॉझिटरींसाठी एकदमच, लावल्याने. मग ज्या ज्या रिपॉझिटरीत तुम्ही स्टेटस पाहाल, तेथे तेथे एक स्वतंत्र प्रोग्राम सुरू होऊन मागे चालत राहतो, आणि पंधरा-वीस लहान प्रकल्प हाताळणाऱ्या अभियंत्याच्या संगणकावर फायदा काडीचा नसताना ओझे मात्र वाढते. अशा वेळी ग्लोबल नोंद काढून टाकावी, संगणक एकदा बंद करून सुरू करावा आणि केवळ मोठ्या रिपॉझिटरीच्या फोल्डरात जाऊन, ‘ग्लोबल’ न लिहिता, ‘कोअर.एफएसमॉनिटर’ आणि सोबत ‘कोअर.अनट्रॅक्डकॅश’ (नोंदीबाहेरच्या फायलींचा आधीचा शोध लक्षात ठेवणारी सेटिंग) चालू करावे. त्यानंतरचे पहिले स्टेटस संथच असते, कारण पूर्ण पाहणी एकदा करावीच लागते. तेवढ्यावरून ‘उपयोग झाला नाही’ असे कळवण्याची घाई करू नये.

रिपॉझिटरी ऑफिसच्या सामायिक नेटवर्क ड्राइव्हवर असेल, तर ही सोय मुळात चालतच नाही. तशी परवानगी देणारी वेगळी सेटिंग आहे, पण आम्ही ती सुचवत नाही. क्लोन (सर्व्हरवरून पूर्ण रिपॉझिटरी उतरवणे) किंवा फेच (नवे बदल आणणे) रेंगाळत असेल, तर त्याचाही एफएसमॉनिटरशी संबंध नाही. तो प्रश्न इतिहासाच्या आकाराचा आहे आणि त्यासाठी पार्शल क्लोनचा, म्हणजे सगळे एकदम न उतरवता लागेल तसे आणण्याचा, विचार करावा.

नोंदीबाहेरच्या फायली शोधण्यात दोन सेकंदांहून अधिक वेळ गेला, तर गिट स्टेटसखाली स्वतःच तसे सांगते. ती ओळ दिसल्यास आधी ‘गिटइग्नोर’ (गिटने दुर्लक्ष करायच्या फायलींची यादी) पाहावी. बिल्डचे, म्हणजे प्रोग्राम तयार होताना आपोआप बनणाऱ्या फायलींचे, फोल्डर त्यात नसणे हेच कारण आम्हाला बहुतेकदा आढळते, आणि ते दूर केल्यावर एफएसमॉनिटरची गरज उरत नाही.

म्हणूनच आम्ही आधी वेळ मोजतो, मग सेटिंगला हात लावतो. वार्षिक देखभाल करारात ही मोजणी समाविष्ट असून तिचे वेगळे शुल्क नाही. करार नसलेल्या ग्राहकांनी दांडिया बाजारातील कार्यालयात येताना स्टेटसखालची ती ओळ लिहून आणावी, म्हणजे बरेचसे निदान तेथेच होते.