तपासकौशल्ये (भूमिकाखेळांतील)

टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये पात्राने शोधणे, हेरणे, वाचणे, विचारणे आणि सापडलेल्यावरून तर्क बांधणे यांसाठी नेमून दिलेल्या क्षमतांना तपासकौशल्ये म्हणतात. खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतो, गरज असेल तर फासा टाकतो आणि त्यावरून काय कळले ते सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, ठरवतो.

या कौशल्यांच्या उगमाबद्दल एकमत नाही. काहींच्या मते त्यांचे बीज गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या आवृत्तीत (१९७४) आहे. तिथे गुप्त दार शोधताना माणसाला सहा बाजूंच्या फाशावर १ किंवा २ पडावा लागे, एल्फ या काल्पनिक वंशातल्या पात्राला मात्र १ ते ४ चाले. दुसरे मत त्याच खेळातल्या चोर या वर्गाकडे, म्हणजे पात्राच्या पेशाकडे, बोट दाखवते. सापळे निकामी करण्याची त्याची शक्यता टक्क्यांत दिलेली असे. हा वर्ग ‘ग्रेहॉक’ पुरवणीत (१९७५) आला. त्याचा मसुदा एका खेळ-वार्तापत्रात आधीच छापला गेला होता, म्हणून कालनिर्देश १९७४-७५ असा ढोबळ ठेवणे बरे. तिसऱ्या मतानुसार कौशल्य वंश किंवा वर्ग यांच्यापासून सुटे झाले तेव्हाच ते खरे तपासकौशल्य झाले. ‘ट्रॅव्हलर’मध्ये (१९७७) कौशल्ये सुटी होतीच. ‘रूनक्वेस्ट’ने (१९७८) प्रत्येक कौशल्याला टक्का दिला आणि सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या भय-रहस्यकथांच्या खेळाने (१९८१) ग्रंथालयात शोध घेणे व लपलेली वस्तू हेरणे यांना खेळाच्या मध्यभागी आणले. हे तिसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. आधीच्या खेळांत फासा फसला तर एक दार बंद राही. इथे तो फसला की अख्ख्या कथेचा उलगडा अडतो.

आज दोन पद्धती विशेष रूढ आहेत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) वीस बाजूंच्या फाशात पात्राचा कौशल्यांक मिळवतात आणि एकूण आकडा कामाच्या काठिण्याएवढा किंवा अधिक झाला तर यश. काठिण्य १५ आणि कौशल्यांक ५ असेल तर १० किंवा अधिक पडावे लागते, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. अवलोकन आणि तपास ही तिथे वेगळी कौशल्ये आहेत; तपास बुद्धिमत्तेवर अवलंबून असतो. उंबऱ्यावरचे रक्ताचे थेंब दिसणे हे अवलोकन, तर त्या थेंबांवरून प्रेत कुठून कुठे ओढत नेले हे ताडणे हा तपास. सूत्रधार दोन्हींसाठी अवलोकनच मागत राहिला, तर बुद्धिमत्तेवर गुण खर्चलेले पात्र वाया जाते. टक्केवारीच्या पद्धतीत १ ते १०० मधला, कौशल्याएवढा किंवा त्याहून कमी आकडा पडावा लागतो. ‘कॉल ऑफ कथुलू’च्या सातव्या आवृत्तीत कौशल्य ५० असेल तर कठीण यशाला २५, अतिकठीण यशाला १०. फसलेला फासा पुन्हा टाकता येतो; मात्र त्यासाठी पात्राने वेगळी रीत अवलंबावी लागते आणि पुन्हा अपयश आले तर परिणाम अधिक वाईट होतो.

खरी अडचण गणिताची आहे. एकापाठोपाठ एक तीन सुगावे लागणार असतील आणि प्रत्येकाची शक्यता ६० टक्के असेल, तर शेवटापर्यंत पोहोचण्याची शक्यता जेमतेम २२ टक्के उरते. चौघांनाही फासा टाकू दिला तर २५ टक्के कौशल्य असूनही कुणातरी एकाला यश मिळण्याची शक्यता ६८ टक्क्यांवर जाते. मग निष्णात पात्राला अर्थ राहत नाही. जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये मांडलेला नियम सांगतो की, प्रत्येक आवश्यक निष्कर्षासाठी किमान तीन सुगावे ठेवावेत. प्रत्येक सुगाव्याची शक्यता ५० टक्के धरली तरी निदान एक हाती लागण्याची शक्यता ८७.५ टक्के होते. रॉबिन लॉज यांनी २००६ मध्ये तपासकथांच्या खेळांसाठी आणलेल्या गमशू या नियमपद्धतीने फासाच काढून टाकला: योग्य कौशल्याचे पात्र योग्य जागी ते वापरते असे सांगितले की मूळ सुगावा मिळतोच, गुण खर्चले तर वाढीव माहिती किंवा फायदा. तपासकथेसाठी हीच वाट सर्वांत निकोप आहे.

खानदेशात घडणारी कथा रचताना परदेशी पुस्तकातली कौशल्यांची यादी जशीच्या तशी पुरत नाही. बोली वेगवेगळ्या धराव्यात: रावेर-यावलकडे लेवा बोली, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, सातपुड्यात पावरी, नंदुरबारकडे भिली. सगळीकडे ‘अहिराणी’ एवढे एकच कौशल्य ठेवले तर साक्षी घेण्यातली अर्धी गोडी जाते. मोडी वाचन मराठीपासून सुटे ठेवावे, कारण जुनी खरेदीखते मोडीत असतात. कागद कुठे शोधायचा हेही ठरलेले असावे. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि मुख्यालय धुळे होते. पूर्व व पश्चिम खानदेश त्या वर्षी झाले. त्याआधीच्या जिल्हा दप्तरासाठी जळगावला गेलेल्या पात्राला तिथल्या कारकुनाने धुळ्याची वाट दाखवावी, फासा न टाकता. ग्रंथालयातल्या यशावर १८८० चा खानदेश गॅझेटियर हाती द्यायला हरकत नाही.

एक सुगावा नमुन्यादाखल. रावेरच्या शिवारात सापडलेल्या प्रेताच्या पांढऱ्या सदऱ्यावर, उजव्या खांद्याशी, तांबूस-काळे डाग आहेत. डाग दिसणे अवलोकनात येते आणि त्याला फासा नको. ते रक्त नसून केळीचा चीक आहे हे शेतीचे ज्ञान असलेल्या पात्राला थेट सांगावे. चीक ताजा असताना फारसा दिसत नाही, वाळल्यावर काळवंडतो आणि धुऊन जात नाही. डाग खांद्यावर आहेत, म्हणजे हा माणूस मरण्यापूर्वी कधीतरी घड वाहत होता, हा तपास. फासा टाकायचाच असेल तर तो पुढच्या प्रश्नासाठी ठेवावा: त्या दिवशी कापणी कोणत्या बागेत होती, आणि हे मुकादमाला संशय न येता विचारता येईल का? अपयश आले तरी उत्तर मिळावे, फक्त मुकादम सावध व्हावा.

अलीकडच्या ‘ब्रिंडलवुड बे’ या खेळात गुन्हेगार आधी ठरलेला नसतो. खेळाडू सुगावे जोडून तर्क मांडतात, सहा बाजूंचे दोन फासे टाकतात, तर्कात वापरलेल्या सुगाव्यांची संख्या मिळवतात आणि प्रकरणाच्या गुंतागुंतीचा ठरलेला आकडा वजा करतात. ७ किंवा अधिक आल्यास तो तर्क खरा ठरतो.