पार्श्वभूमी: ॲप अपडेट आपोआप कसे व्हायला लागले

दोन्ही मोठी ॲप स्टोअर २००८ सालचीच, ॲपलचं (आयफोनचं) जुलैचं आणि गूगलचं (अँड्रॉइडचं) ऑक्टोबरचं. आपोआप अपडेटची सोय अँड्रॉइडवर २०१० ला आली, आयफोनवर २०१३ ला. कोकणात तेव्हा हे कुणाच्या गावीही नव्हतं, रेंज मिळाली तरी टूजी, त्यामुळे कणकवली-राजापूरकडे मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्डात एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, भरून आणायचे. त्यात अडचण सहीची, प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते आणि ती जुळली नाही की वरून अपडेट बसतच नाही, मग जुनं ॲप काढायचं आणि त्यातला डेटा गेला.

खरा घोळ २०१४ चा. तोपर्यंत अँड्रॉइडवर अपडेटला नवीन परमिशन, म्हणजे फोनमधलं काही वापरायची परवानगी, हवी असेल तर ते थांबायचं, तुम्ही हो म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्या वर्षी गूगलने परमिशनचे गट केले आणि ठरवलं की गटातल्या एकाला आधी हो म्हटलं असेल तर त्याच गटातलं दुसरं काही नव्याने घेताना परत विचारायचं नाही. म्हणजे एसेमेस वाचायची परवानगी दिलेल्या ॲपला पुढच्या अपडेटमध्ये एसेमेस पाठवायचीही मिळणार, तीही आपोआप, आणि प्रीपेडवाल्याचा बॅलन्स त्यातून कापला जाऊ शकतो. यादी लांबलचक होती, लोक न वाचता पुढे जायचे, म्हणून सोपं केलं असं कारण दिलं गेलं. ते खोटं नाही, पण लोक वाचत नाहीत म्हणून विचारायचंच बंद करणं मला तरी पटत नाही.

२०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून वापरतानाच परमिशन विचारायला लागले, तरी जुन्या पद्धतीने बनवलेली ॲप त्यातून सुटत होती. नोव्हेंबर २०१८ पासून अपडेटसुद्धा नव्या पद्धतीचंच हवं असा नियम आला तेव्हा ही पळवाट बंद झाली. चाकरमान्याने गणपतीत आणून दिलेल्या जुन्या फोनला मात्र याचा काही उपयोग नव्हता, त्याचं अँड्रॉइडच ६ च्या आधीचं असायचं.

२०१६ नंतर फोरजी स्वस्त झालं, पण स्टोअरची सेटिंग मुळात 'फक्त वाय-फायवर' अशी, आणि इथे बहुतेक घरांत वाय-फाय नाही, त्यामुळे अपडेट महिनोन् महिने तुंबतात. २०१९ ला ॲपच्या आतूनच अपडेट करायला लावायची सोय आली, त्यात एक प्रकार असा की अपडेट होईपर्यंत पुढचा स्क्रीनच उघडत नाही. हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी लिलाव चालू असताना पैसे पाठवायचं ॲप असं अडून बसलं की माशेवाली थांबत नाही, रोख असलेल्याला टोपली देऊन मोकळी होते.